अंगावर दहा, भिंतीत हजार

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे येणारी निम्मी पत्रं गोचीड, पिसवा आणि जंतांचीच असतात. तीस वर्षांपूर्वी सांगलीत दवाखाना थाटला तेव्हाही हेच प्रश्न असायचे. फरक इतकाच, की तेव्हा लोक डबीत गोचीड घालून आणायचे, आता मोबाईलवर फोटो दाखवतात. मला डबीच आवडायची.

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडोरला दर महिन्याला चघळायची गोळी देतो, तरी अंगावर गोचीड दिसतातच. परवा तर हॉलमधल्या फोटोच्या फ्रेममागे सापडले. गोळी बनावट असेल का? सासूबाई म्हणतात, घासलेट चोळा. (एक वाचक, मिरज)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि घासलेट कुलपात ठेवा. त्याने कातडी भाजते. कुत्रा अंग चाटतो, ते पोटात जातं, आणि उलटी होताना फुप्फुसात उतरलं तर गोचीड परवडले म्हणायची वेळ येते.

गोळीला इतक्यात दोष देऊ नका. अफोक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनर असलेल्या गोळ्यांचं औषध कुत्र्याच्या रक्तात फिरतं. गोचीड चावला, रक्त प्यायला, की मग मरतो. त्यामुळे अंगावर चढलेला गोचीड दिसणारच. तो टम्म फुगायच्या आत मरतोय का, ते बघा. फुगलेले दिसत असतील तर गोळीची मुदत संपली आहे, किंवा तुमचा कुत्रा वजनाने वाढलाय आणि गोळी जुन्याच वजनाची चालू आहे. लॅब्रॅडोरच्या घरात बहुतेक वेळा हे दुसरं कारण निघतं.

तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ फ्रेमची. आपल्याकडच्या कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यावर नसतोच. रक्त पिऊन खाली पडतो आणि भिंत चढतो. खिडकीची चौकट, पडद्याची शिवण, विजेच्या बोर्डाची फट, देव्हाऱ्यामागची जागा, कुठेही जाऊन बसतो. तिथे कात टाकतो आणि पुन्हा कुत्रा शोधत निघतो. अळी, पिल्लू, प्रौढ, अशा तीनही वयांत त्याला रक्ताचं एकेक जेवण लागतं आणि दर जेवणानंतर हीच फेरी. न जेवता तो महिनोन् महिने दबा धरून राहू शकतो.

एकदा एका आजोबांनी बामच्या रिकाम्या बाटलीतून एकच गोचीड आणला होता. राखाडी, एरंडाच्या बीएवढा फुगलेला. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोचीड, आणि ती बी बघितली की का ते कळतं.) बाटली मी कपाटावर ठेवली आणि विसरले. दोन आठवड्यांनी हाताला लागली तेव्हा मादी सुकून सुरकुतली होती आणि तिच्यापुढे खसखशीसारख्या तपकिरी अंड्यांचा ढीग होता, तिच्या अंगापेक्षा मोठा. एक मादी चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. फुगलेला गोचीड उपटून अंगणात फेकणारे हात मला तेव्हापासून बघवत नाहीत.

म्हणून भिंतीचा बंदोबस्त कुत्र्याच्या बरोबरीने करा. फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. कुत्र्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. फवारणी माहीतगार माणसाकडून करून घ्या. फवारा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, पोरंबाळं सगळी बाहेर. पंधरा-वीस दिवसांनी दुसरा हात हवाच, कारण मधल्या काळात अंडी फुटलेली असतात. घरात दोन कुत्रे असतील तर औषध दोघांनाही एकाच दिवशी. आणि गोळी सलग द्या. ‘या महिन्यात दिसले नाहीत म्हणून दिली नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते.

दिसलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. उदबत्तीचा चटका नको, तेल नको. नखाने चिरडू तर मुळीच नका. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवा.

कुत्र्याने जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार देतात. पहिल्यात प्लेटलेट घसरतात, दुसऱ्यात तांबड्या पेशी फुटतात. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे अंदाजाने इंजेक्शन नको. एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी मागायला लागतो आणि मालक गोळ्या बंद करतात. महिन्याने तोच कुत्रा पुन्हा टेबलावर.

प्रश्न : कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषध उरलं होतं, त्यातले चार थेंब मनीला लावले. संध्याकाळपर्यंत तिचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरायला लागलं. डॉक्टरांनी वाचवली. पण औषध पिसवांचंच होतं ना? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : पिसवांचंच होतं, मांजराचं नव्हतं. डबीवर बारीक अक्षरात ‘परमेथ्रिन’ लिहिलेलं असेल, बघा. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, म्हणून ते मज्जातंतूंवर चढतं. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे मी दवाखान्यात पाटीवर लिहून लावलं होतं. लोक हसायचे, मग घरी जाऊन तेच करायचे.

पुन्हा कुणाच्या घरी असं घडलं तर भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी घेऊन मांजराला लगेच धुवा. गरम पाणी नको. टॉवेलात गुंडाळा आणि डबीसकट दवाखाना गाठा. झटके यायची वाट बघत घरी थांबू नका.

मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब मिळतात, पण पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन बघूनच घ्या. मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचे. केसांवर सोडले तर वाया गेले. घरात कुत्राही असेल आणि त्याला परमेथ्रिनचे थेंब लावले असतील, तर ते वाळेपर्यंत दोघांना एका गादीवर झोपू देऊ नका. फिनाइलने फरशी पुसत असाल तर तेही थांबवा. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटत बसतं.

प्रश्न : बोक्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्या चिकटलेल्या दिसतात. काही वळवळतात. (एक वाचक, कणकवली)

उत्तर : पट्टकृमीचे तुकडे. प्राझिक्वांटेल वजनाप्रमाणे द्या, जातील. आणि पिसवा गेल्या नाहीत तर परत येतील, कारण अंग चाटताना पिसू गिळली की तिच्या पोटातला कृमी मांजरात जातो. पिसू दिसत नसेल तर बारीक दाताच्या कंगव्याने विंचरा आणि निघालेली काळी कणी ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असेल तर काळीच राहते.

प्रश्न : गल्लीतल्या कुत्रीचं पिलू आणलंय. पोट माठासारखं, बाकी हाडं. दुकानदार म्हणतो, जंताचं औषध लसीनंतर. (एक वाचक, परभणी)

उत्तर : दुकानदाराने दुकान बघावं. गोल जंत पिलाला आईच्या पोटात असतानाच मिळतात. औषध दुसऱ्या आठवड्यापासून, मग आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. वजन करून द्या. शी काळी-चिकट आणि हिरड्या पांढऱ्या असतील तर अंकुशकृमी रक्त पितायत. मग आजच दवाखाना, उद्या नको. शी रोज उचला, घरात रांगतं मूल असेल तर जास्तच काटेकोरपणे. गोल जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात आणि पोरांच्या तोंडात जातात.

प्रश्न : सुनेला चौथा महिना आहे. शेजारच्या काकू म्हणतात, मांजर गाव सोडून दूर सोडून या, बाळाला धोका आहे. सून रडते आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सुनेला सांगा, रडू नको, मांजर कुठेही जात नाही. काकूंनी जे ऐकलंय त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. एकपेशी परजीवी आहे आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला खरंच धोका असतो. पण मांजर त्याची अंडी शीतून बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे टाकतं. शिवाय ताज्या शीतून लागण होत नाही. अंडी पिकायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला की झालं, आणि ते काम सुनेने नव्हे, तुमच्या चिरंजीवांनी करायचं. मांजर घरातच राहत असेल आणि कच्चं मांस, उंदीर खात नसेल तर प्रश्न आणखी छोटा होतो.

खरं लक्ष स्वयंपाकघराकडे द्या. मटण पूर्ण शिजलेलं, कोथिंबीर-पालक भरपूर पाण्यात धुतलेला, कच्चं मांस कापलेली सुरी आणि पाट लगेच धुतलेला. मनात शंका राहिली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्ततपासणीबद्दल विचारा. आणि काकूंच्या अंगणातल्या कुंड्या उकरायची वेळ आलीच, तर सुनेने हातमोजे घालावेत. गल्लीतली सगळी मांजरं तिथेच जातात.