हॉकीपटूंचे निवृत्तिवेतन

प्रश्न : टोरंटोत राहणारा माझा भाचा सांगतो, की तिथल्या व्यावसायिक आइस हॉकीपटूंना निवृत्तिवेतन असते. त्याची व्यवस्था कशी आहे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नॅशनल हॉकी लीग या अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक आइस हॉकी संघांच्या स्पर्धेतील खेळाडूंसाठी १९४७ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली, मात्र तिच्यातील शिल्लक रक्कम खेळाडूंची की संघमालकांची, या वादात कार्ल ब्रुअर आणि अन्य माजी खेळाडूंना न्यायालयात जावे लागले आणि १९९२ मध्ये ऑन्टारियोतील न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. हक्काच्या पैशासाठी उतारवयात असे झगडावे लागले, याचे फार वाईट वाटते. खेळाडूंची संघटना आणि संघमालक यांच्यातील २०१३ च्या सामूहिक करारानंतर तेथे निश्चित लाभाची, म्हणजे निवृत्तीनंतर आधीच ठरलेल्या सूत्रानुसार रक्कम देणारी योजना आली. आपल्याकडे मात्र खेळातून निवृत्त झालेल्या ऑलिंपिक पदकविजेत्यांना वयाच्या तिशीनंतर केंद्र सरकारच्या योजनेतून दरमहा २०,००० रुपये मिळतात.