वर्गात सगळे फाडफाड बोलतात, मी इंग्लिश लिटरेचर सोडू का?

प्रश्न: ताई, मी परळला राहते, दहावीपर्यंत मराठी मीडियम. बारावीला इंग्लिशमध्ये चांगले मार्क पडले म्हणून बीएला लिटरेचर घेतलं. आता शेक्सपिअरचं 'किंग लिअर' आहे, एक पान वाचायला तासभर लागतो, निम्मे शब्द डिक्शनरीत बघते तरी अर्थ लागत नाही. वर्गात एकदा वाचायला उभी राहिले तर मागून हसायचा आवाज आला, तेव्हापासून तोंडच उघडलं नाहीये. गाईड पाठ करून पेपर लिहिते. घरचे म्हणतात मराठी घे नाहीतर हिस्ट्री घे, याला नोकरी तरी कुठेय. काय करू?

उत्तर: अगं, सोडू नकोस. मराठी किंवा हिस्ट्री कमी आहे म्हणून नाही म्हणत, तुझा तिकडे ओढा असता तर खुशाल जा म्हटलं असतं, पण एवढं सगळं लिहिलंस त्यात विषय आवडत नाही असं एकदाही नाही लिहिलंस. आणि ज्याला आवडत नाही तो एका पानाशी तासभर झटत नाही गं.

मीही गिरगावातल्या मराठी शाळेतून लिटरेचरला गेले होते आणि पहिली टर्म शेवटच्या बाकावर काढली, त्यामुळे ते मागून येणारं हसू किती लागतं ते माहितीये मला. पण तिथेच एक गोष्ट मला मराठीमुळे कळली ती तुला सांगते. लिअरमध्ये 'यू' पण आहे आणि 'दाऊ' पण आहे, बघितलंस ना? बऱ्याच जणांना वाटतं दाऊ म्हणजे काहीतरी जुना, आदराचा शब्द, कारण प्रार्थनेत देवाला तसं म्हणतात. आहे उलटंच. दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही. देवाला दाऊ म्हणतात ते आपण विठ्ठलाला तू म्हणतो तसं, जवळचा म्हणून. रोजच्या इंग्लिशमधून तो तू पुढे गेलाच, आपल्याकडे मात्र तू, तुम्ही, आपण सगळं अजून रोजच्या तोंडात आहे.

आता पहिला प्रवेश काढ. राजा धाकट्या लेकीवर, कॉर्डेलियावर भडकलाय, तिला तोडून टाकतोय आणि त्याचा सरदार केंट मध्ये पडतो. सुरुवात करतो 'गुड माय लीज' अशी, म्हणजे महाराज वगैरे, अगदी रीतीने. राजा त्याला गप्प करतो, तो परत बोलायला बघतो, राजा परत दटावतो, आणि मग केंटच्या तोंडून निघतं, 'व्हॉट विल्ट दाऊ डू, ओल्ड मॅन?' अगं, भर दरबारात सरदार राजाला म्हणतोय, काय करायला निघालायस तू म्हाताऱ्या! आपल्या घरी कुणी आजोबांना पहिल्यांदा असं अरेतुरे केलं तर सगळ्यांचे हातातले घास तसेच राहतील, तेच तिथे झालंय, आणि त्यात नुसता उर्मटपणा नाही, राजावरचा जीवही आहे. हे तुला आत कुठेतरी लगेच समजतं, घरी फक्त इंग्लिश बोलणाऱ्या मुलीला त्यासाठी तळटीप बघावी लागते.

म्हणून पहिलं काम, विंदा करंदीकरांनी केलेलं लिअरचं मराठी भाषांतर मिळव. विंदा स्वतः मुंबईच्या कॉलेजांत इंग्लिशच शिकवायचे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघ, परळहून ते जवळच आहे. एक पान इंग्लिश, मग तेच पान मराठी, मग परत इंग्लिश, आणि मोठ्याने, कारण नाटक आहे ते. यात चोरी वगैरे काही नाही. आगरकरांनी तर हॅम्लेट मराठीत आणलं ते इथल्याच डोंगरीच्या तुरुंगात असताना, १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' नावाने आलं. आपल्याकडे शेक्सपिअर असाच आलाय, मराठीत विचार करणाऱ्यांनी वाचून वाचून.

गाईड लगेच फेकून दे असं नाही म्हणणार, परीक्षा आहे शेवटी. पण आधी प्रवेश वाचून साध्या इंग्लिशमध्ये स्वतःची चार वाक्यं लिही, चुकू देत, आणि मग गाईड उघड.

नोकरीचं खरं सांगायचं तर कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, तरी कायमच्या जागा कमी आहेत, कितीतरी जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतायत. शाळेसाठी बीएड आहे. भाषांतराचं, सबटायटल्सचं काम मुंबईत मिळतं आणि त्याला दोन्ही भाषा चांगल्या लागतात. एमपीएससी, बँकेच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात, त्यासाठी विषय बदलायची गरज नाही, हे घरी नीट सांग.

आणि पुढच्या लेक्चरला हात वर करून एवढंच विचार, केंट इथे राजाला यू न म्हणता दाऊ का म्हणाला? तुझ्या स्वतःच्या उच्चारात विचार, आणि मग सर किंवा मॅडम काय म्हणाले ते मला कळव.