उंबर की औदुंबर?

प्रश्न असा आला आहे: दत्ताच्या देवळातल्या झाडाला औदुंबर म्हणतात आणि ओढ्याकाठच्याला उंबर. ही झाडं वेगळी आहेत का? नसतील, तर औदुंबर हे शुद्ध आणि उंबर हे बोलीतलं रूप समजायचं का?

झाड एकच. दोन्हीकडे पान खुडलं की तोच पांढरा चीक येतो, दोन्हीकडे फळांचे घोस थेट खोडालाच लगडतात. शुद्ध-अशुद्धाचा समज मात्र सोडून द्यावा.

संस्कृतात झाडाचं नाव 'उदुंबर'. प्राकृतात मधला 'द' गळून 'उउंबर', 'उंबर' झालं आणि तेच आपल्याकडे वारशाने आलं. 'औदुंबर' म्हणजे मुळात 'उदुंबराचा'. पुत्राचा तो पौत्र, शिवाचा तो शैव, तसंच हे. सोमयागाच्या मंडपात उंबराचा खांब रोवतात आणि त्याला हात लावून उद्गाता, म्हणजे सामवेद गाणारा पुरोहित, साम गातो. त्या खांबाचं नाव 'औदुंबरी'. अथर्ववेदातला 'औदुंबर मणी' म्हणजे उंबराचा ताईत.

मराठीत हे विशेषणच झाडाचं नाव होऊन बसलं, ते दत्तभक्तीच्या बळावर. नृसिंहसरस्वतींनी कृष्णाकाठी भिलवडीजवळ चातुर्मास केला, त्या गावाचंच नाव औदुंबर. गुरुचरित्रात कथा आहे: हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली आणि त्यांत नखं रोवल्यावर दाह शमला. उंबर थंड, ही समजूत घरोघरच्या औषधांतही दिसते. गालगुंडावर त्याचा चीक लावायचे, उन्हाळा लागला की मुळाचं पाणी द्यायचे.

तेव्हा पार, पूजा, प्रदक्षिणा म्हटलं की औदुंबर. पण भक्तीबाहेर पाऊल टाकलं की लगेच उंबर. नवग्रहांच्या होमात शुक्रासाठी लागतात त्या बोलताना आपण 'उंबराच्या समिधा' म्हणतो. फार दिवसांनी दिसलेल्या माणसाला 'अगदी उंबराचं फूल झालास' म्हणतो. तिथे 'औदुंबराचं फूल' कानाला चालतच नाही. हा वाक्प्रचार मला विशेष आवडतो. एक कोवळं उंबर फोडून भिंगाखाली धरा: आतल्या भिंतीला दाटीवाटीने चिकटलेले बारीक कण दिसतात, तीच फुलं. फूल असतं, पण घराबाहेर पडत नाही.

घरावरून आठवलं. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे दाराच्या चौकटीची खालची पट्टीसुद्धा. आपला 'उंबरा' तिथूनच आला, आणि 'उंबरठा' त्याच कुळातला. देवळात शिरताना आपण वाकून ज्याला हात लावतो, त्याच्या नावातही उंबर आहेच.