रस्त्याकडेची झाडं छाटली की ती जोमानं फुटतात, मग छाटणीनं नुकसान कसलं?

आपल्या सांगली भागात हा प्रश्न पडणारच. छाटणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तासगावकडची द्राक्षबाग येते. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, तेव्हा कुठं माल लागतो. माझे वडील दारातल्या कडुनिंबाकडंही त्याच नजरेनं बघायचे.

पण द्राक्षाकडून आपल्याला घड हवेत, रस्त्यावरच्या झाडाकडून पानं. सावली पानांची, पाण्याची वाफ सोडून हवा गार करतात तीही पानंच. धूळ त्यांच्यावरच बसते, वळवाचा पहिला मारा तीच झेलतात. तेव्हा छाटणीत हिरवा पाला किती गेला तेवढं बघा, तोटा बराचसा त्यातच कळतो.

विश्रामबागेत आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाचा तारांसाठी शेंडाच उडवला, तोही ऐन मे महिन्यात. दुपारी ओसरीत बसवेना. पावसाळ्यात भराभर फुटवे आले, तेव्हा शेजारी म्हणाले, "बघा, कसं हिरवंगार झालं!" हा जोम म्हणजे पोट भरायला ठेव मोडणं. खोडामुळांत साठवलेलं अन्न खर्चून झाड पानं परत आणतं. वर हे फुटवे सालीलगतच्या डोळ्यांतून येतात, जुन्या फांदीसारखी त्यांची पकड लाकडात खोलवर नसते. तिसऱ्या वर्षी वादळात मनगटाएवढा एक फुटवा माझ्या स्कूटरवर आला. मोडला तिथं बघितलं तर जुना खुंट आतून कुजलेला.

म्हणून छाटूच नये असं नाही. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्यानं सावली फारशी घटत नाही. झाड लहान असतानाच दोन शेंड्यांपैकी एक काढला, तर मोठेपणी ते बेचक्यात फाटत नाही. आणि एक जुनं मोठं झाड जे काम करतं, ते दहा रोपांना जमत नाही. तेव्हा एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवा पाला काढू नये. फांदी खोडाला मिळते तिथं फुगीर कडं असतं, ते न दुखवता त्याच्या लगत कापायचं. डांबर वगैरे फासायची गरज नाही.

छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात पेटवून देतात, ते मला सगळ्यात खटकतं. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, झाडानं वर्षानुवर्षं साठवलेला; पेटवलं की तो लगेच हवेत जातो. त्यापेक्षा भुगा करून झाडाच्या आळ्यात पसरा.

शहरात झाडाला हात लावायला महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं परवानगी लागते, तेव्हा कोयता घेऊन स्वतः चढू नका. आणि तारांखाली नवीन लावणार असाल तर कडुनिंब नको. कांचन लावा, नाहीतर पारिजातक.