गुडघ्याचं बिल आणि फॉर्मवर न लिहिलेली शुगर

साताऱ्याचे एक वाचक विचारतात: आईच्या (वय ६६) गुडघ्याचं ऑपरेशन ओळखीच्या डॉक्टरांकडे करायचंय, पण हॉस्पिटल विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत (जिथे बिल कंपनीच थेट भरते) नाही. एस्टिमेट ३ लाख २० हजार. आरोग्य विम्याची पॉलिसी ५ लाखांची, २८ महिने झाले. ‘आधी भरा, सगळे परत मिळतील,’ असं एजंट म्हणतो. आईला ८ वर्षांपासून शुगर आहे, विम्याच्या फॉर्मवर लिहिलेली नाही. एफडी मोडू का?

मोडू नका. एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. व्याज एफडीच्या दराहून साधारण एक-दोन टक्के जास्त, म्हणजे ३ लाखांवर दोन महिन्यांचा निव्वळ भुर्दंड पाचशे ते हजार रुपये. प्रश्न संपला.

आता ती शुगर. पैसे परत मागताना कंपनी इनडोअर केस पेपर, म्हणजे हॉस्पिटलमधल्या उपचारांची नोंद, मागवते. त्यात पहिल्याच पानावर ज्युनिअर डॉक्टरने लिहिलेलं असतं: ‘डीएम (म्हणजे मधुमेह), ८ वर्षे, गोळ्या चालू’. फॉर्मवर ‘नाही’. गुडघ्याचा शुगरशी संबंध नसला, तरी माहिती लपवली म्हणून क्लेम अडतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पॉलिसीला सलग ६० महिने झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हा आक्षेप घेता येत नाही. तुमचे निम्मेही झालेले नाहीत. ‘लिहू नका, काही होत नाही’ म्हणणाऱ्या एजंटचं कमिशन मात्र कधीच जमा झालंय.

‘शुगर नवीन आहे’ असं डॉक्टरांकडून लिहून घेण्याच्या फंदात पडू नका, ती सरळ फसवणूक. ऑपरेशनआधी कंपनीला लेखी कळवा, शुगरचे रिपोर्ट जोडा, पोच घ्या. हप्ता वाढेल, मधुमेहासाठी प्रतीक्षा कालावधी (तोवर त्याचा खर्च मिळत नाही) लागेल, वाईटात वाईट पॉलिसी जाईल. पण हे ३ लाख भरण्याआधी कळेल. डॉक्टर हो म्हणत असतील, तर गुडघा महिनाभर थांबवा.

आणि ‘सगळे परत’? खोली रोज ८ हजारांची, पॉलिसीत मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५ हजार. हे पाच-अष्टमांश प्रमाण सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंगच्या बिलालाही लागतं. खोली आणि हे सगळं मिळून १ लाख ७२ हजार, त्यातले मिळणार १ लाख साडेसात हजार. इम्प्लांट (कृत्रिम सांधा), औषधं, तपासण्यांचे १ लाख ३० हजार पूर्ण. ग्लोव्ह्ज, किट वगैरे १८ हजार शून्य. हातात ३ लाख २० हजार नव्हे: साधारण २ लाख ३८ हजार. ५ हजारांची खोली घेतलीत, तर हीच कात्री लागत नाही. पॉलिसीत ज्येष्ठांसाठी २० टक्के को-पे (क्लेममधला स्वतः भरायचा वाटा) आहे का, तेही बघा; असला तर आणखी ४७ हजार वजा.

जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरही कॅशलेस मागता येतं: ठरलेल्या ऑपरेशनआधी ४८ तास कंपनीला कळवायचं. हॉस्पिटलने मात्र हो म्हणायला हवं. नाही म्हणाले, तर डिस्चार्जच्या वेळी मूळ बिलं, पावत्या आणि इम्प्लांटचं स्टिकर मागून घ्या. स्टिकर नंतर मागायला गेलात की सापडत नाही.