आधी पत्रपेटीवर नाव लाव

अनेक आशीर्वाद.

खोली ठरली, तिकीट निघालं, छान झालं. आता जर्मनीत उतरल्यावरचं लिहितो.

सिमकार्डाच्या मागे लागण्याआधी इमारतीच्या दारातल्या पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटव, बेलवरही. तिकडे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि गाव, झालं. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही तर परत धाडतो. आणि टॅक्सचा नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, असं सगळं टपालानेच येतं. कुणाच्या घरात पोटभाडेकरू असशील तर पत्त्यात ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घालायचं.

पुढचं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करावी असा कायदा आहे आणि दंड १,००० युरोपर्यंत होऊ शकतो. मोठ्या शहरात मात्र त्या मुदतीतली अपॉइंटमेंट मिळतेच असं नाही. म्हणून पत्ता पक्का झाला की इथूनच तारीख धर आणि तिची पोच जपून ठेव. बर्लिनमध्ये शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट, म्हणजे नोंदणीचं नागरिक-कार्यालय, चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. रद्द झालेल्या वेळा साइटवर पुन्हा मोकळ्या होतात, तेव्हा अधूनमधून बघत राहा.

बरोबर पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाने सही केलेलं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हवं. शब्द लांबलचक आहे, कागद एका पानाचा. गाडी अडते ती इथेच. भाडेकरार दाखवून भागत नाही. तू अमुक तारखेला राहायला आलास एवढं मालकाने लिहून द्यावं लागतं आणि ते देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीत ‘आनमेल्डुंग होणार नाही’ असं असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून दे.

फॉर्ममधले दोन रकाने नीट बघ. पहिला नावाचा. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच असतं, त्यामुळे तिकडे तुझी दोन पाळण्यातली नावं धरली जातात. पासपोर्टात आहे तसंच पूर्ण नाव बँक, विमा, विद्यापीठ सगळीकडे दे. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की पुढे महिनाभर ‘ही एकच व्यक्ती का?’ याची पत्रं येत राहतात. दुसरा रकाना धर्माचा. तो कर ठरवण्यासाठी असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट नोंद झाली की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून कापतात. वसईच्या, गोव्याच्या मुलांनी खरं तेच लिहावं, पण पगारपत्रक पाहून दचकू नये.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत ११ आकडी टॅक्स नंबर घरी येतो. तो नसताना नोकरी धरली तर कंपनी सहाव्या करवर्गाने, म्हणजे भरमसाट, कर कापू शकते. नंबर दिल्यावर हिशेब सुधारतो, पण तोवर खिसा रिकामा. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून अडकवलेल्या पैशांतले, महिन्याचे ९९२ युरो सुटायलाही तिथलं चालू खातं लागतं. तेव्हा पहिल्या महिना-दीड महिन्याचा खर्च वेगळा ठेव. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुला कायद्याने आहे. खोली दाखवण्याआधीच अनामत मागणारा भामटा समजावा.

व्हिसाची तारीख आत्ताच बघून ठेव. तो बहुतेकदा ३ ते ६ महिन्यांचाच असतो. तिथे राहण्याच्या परमिटचा अर्ज व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायलाच हवा, आणि अर्ज केल्याचा लेखी पुरावा हाताशी हवा. परमिटचं कार्ड येईपर्यंत ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यातल्या तीन चौकोनांपैकी कुठल्यावर खूण आहे ते बघ. तिसऱ्यावर, म्हणजे कलम ८१ पोटकलम ४ वर असेल तरच भारतात येऊन परत जाता येतं. गणपतीचं तिकीट काढायचं ते हे बघूनच.

पेटीत पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी कचेरीची किंवा कोर्टाची नोटीस, आलं तर त्याच दिवशी उघड, आणि पाकीट टाकून देऊ नकोस. पोस्टमनने त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजतात, तू तेव्हा गावाला असलास तरी. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला बहुधा एक महिना असतो, दंडाच्या आदेशाला दोनच आठवडे. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, दरमहा १८.३६ युरोचं. टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, पण घरामागे एकदाच. खोलीसोबती भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा.

फॉर्म भरलास की सही करण्याआधी फोटो पाठव.