चीनमधल्या शाळेकडून इंग्रजी शिकवण्याची ऑफर आली आहे. ‘आधी बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलून देऊ’ म्हणतात. जावं का?

या अटीवर जाऊ नका. चीनमध्ये नोकरीसाठी झेड व्हिसाच लागतो आणि त्यासाठीची वर्क परमिटची सूचना, म्हणजे कामाची परवानगी मंजूर झाल्याचं पत्र, तुम्ही भारतात असतानाच मिळायला हवी. बिझनेस किंवा टूरिस्ट व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. पकडलं गेलात तर दंड, कोठडी, हद्दपारी तुमच्या वाट्याला येते.

शिवाय इंग्रजी शिक्षकासाठी तिथे साधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात. भारतीय पासपोर्टवर परमिट नक्की कसं काढणार, हे लेखी विचारा. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवत असाल तर गोष्ट वेगळी.

खासगी क्लास असेल तर जास्तच सावध राहा, चीन सरकारने २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर घातलेल्या निर्बंधांनंतर असे कितीतरी क्लास बंद पडले. करारात तास, घरभाडं, विमा बघा. मूळ पासपोर्ट मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका.